जास्तीचं

पाटणच्या वर, सड्यावर,
चौदा वळणं चढून जीप थांबली तेव्हा
माझ्या कानाला दडे बसले होते
आणि सेंथिलसाहेबांच्या फायलीतले कागद
वाऱ्यानं आधीच वाचायला घेतले होते.

ते कोईमतूरचे. मी साताऱ्याची,
दिवसाला बाराशे रुपयांवर दुभाषी.
त्यांचं इंग्रजी मराठीत आणायचं,
इथलं मराठी इंग्रजीत न्यायचं,
मधे काही सांडू द्यायचं नाही.
हे कंपनीच्या पत्रात नव्हतं, मीच धरून चालले होते.

जुन्या बत्तीस पवनचक्क्या उतरवून
सात नव्या उभ्या राहणार.
पाती इतकी लांब, की तिसऱ्या वळणावरचा
म्हसोबा चार हात मागं सरकवायचा ठरला होता.
पैसा लांबचा. कुठल्यातरी थंड देशातली माणसं
आपल्या धुराच्या बदल्यात
आमच्याकडचा न झालेला धूर विकत घेणार होती.
न झालेला धूर!
तो मोजायला एक रकाना होता,
रकान्याला नाव होतं,
नावाला मराठी शब्द नव्हता.

रात्रभर शोधला.
'अतिरिक्तता' लिहून खोडला.
सकाळी स्टँडवर चहा घेताना सुचलं: जास्तीचं.
हा पैसा आला म्हणून जे झालं,
नसता आला तर जे झालंच नसतं, ते.

ठकूबाई येडगे गोठ्याशी होती.
गोठ्यावर छप्पर म्हणून
मोडक्या पात्याचा कापलेला तुकडा,
पांढरा, गुळगुळीत, माशाच्या पोटासारखा.
कुजत नाही, वितळत नाही,
भंगारवाला हात लावत नाही.
म्हशीला काय, सावली.

साहेबांनी विचारलं, मी विचारलं:
आजी, ह्या चक्क्या आल्याच नसत्या, तर?

"तर वारं असतंच की.
वारं काय त्यांनी आणलं व्हय?"

हे मी जसंच्या तसं दिलं.
साहेब हसले, लिहिलं नाही.

मग ती बोलत गेली, हात म्हशीच्या पाठीवर.
रस्ता चक्क्यांसाठी झाला. थोरली सून अडली
तवा त्याच रस्त्यानं जीपमधनं खाली नेली, नातू वाचला.
त्याच रस्त्यानं धाकटा पुण्याला गेला,
त्यो अजून वर आला न्हाय.
चंडोल पायात घोटाळायचं, आता घोटाळत न्हाय.
रातीला लाल दिवं लुकलुकत्यात,
म्हातारा म्हणायचा, कुनीतरी जागं हाय.
लाईट? ती खाली जाती.
आमाला आली मागनं, दुसऱ्याच तारंनं.

फॉर्ममध्ये जागा पाच ओळींची.
"थोडक्यात," साहेब म्हणाले,
आणि तो शब्द पुन्हा उच्चारला.

मी विचारलं: आजी, जास्तीचं काय झालं?

तिनं शेणाचा हात झटकला,
आणि पाहुण्यांना ताटावर बसवताना
कुणी म्हणावं, फार काही केलं नाही हो,
अशा सुरात म्हणाली,
"जास्तीचं काय न्हाय बाई. हाय ते हाय."

आता हे इंग्रजीत दोन शब्द होतात.
त्या दोन शब्दांवर सात चक्क्या,
बत्तिसांचं उतरणं, थंड देशातली ती माणसं,
पाटणच्या क्रेनवाल्याचा बँकेतला हप्ता.
म्हसोबासुद्धा.

साहेब पेन उघडून थांबलेले.
त्यांच्या गावीही चक्क्या आहेत, चढताना म्हणाले होते,
लहानपणी त्यांच्या आवाजानं झोप लागायची,
आता हॉटेलात लागत नाही.

खोटं सांगायचं नव्हतं.
खरं सांगितलं असतं
तर तिनं न म्हटलेलंच पोचलं असतं.
मी म्हणाले, ती चहा घ्या म्हणतेय.

ती तसं म्हणाली नव्हती.
पण आत चूल फुंकल्याचा आवाज आला,
करवंदीची ओली फाटी चरचरली,
आणि पात्याच्या त्या पांढऱ्या तुकड्याखालून
धूर निघाला, वाऱ्यानं वळला,
थेट साहेबांच्या डोळ्यांत.

तो मात्र झालेला होता.